अकरावा डाव

मंगळवार, ४ सप्टेंबर २०१८

आज पंचावन्न किलोच्या एका पोरीने मला नऊ वेळा आपटलं. तीस वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी वाचताना मलाच काही कळायचं नाही. आमच्या समुद्रकाठच्या गावात चॅपेलच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी सहाला दहाबारा बायका जमतात आणि एकशे दहा वर्षांपूर्वीचं स्वसंरक्षण शिकतात. शिकवतात डॉक्टर फिलिपा गार्स्टँग. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या या बाईंना सगळे पिप म्हणतात. त्यांना एका लिलावात १९०८ सालचं पुस्तक मिळालं, मिस इझोबेल थ्वेट नावाच्या कुणा मास्तरणीचं. चोवीस डाव आणि प्रत्येक डावाचे चार फोटो. टोपीवाली, घोळदार झग्यातली बाई आणि समोर मिशीवाला गुंड. ही विद्या कधीच मेली होती. पिप ती फोटो बघून बघून पुन्हा उभी करतायत. पाच वर्षं झाली. त्यांचं अडत होतं एकाच गोष्टीवाचून, त्यांना गुंड मिळत नव्हता. कुणाकुणाचे नवरे येतात, एकदा पडतात आणि कंबर धरून घरी जातात.

गेल्या आठवड्यात कोळंबीच्या दुकानात रांगेत उभा होतो, तेव्हा पिपनी माझे चुरगळलेले कान बघितले.

"तुम्ही कुस्ती करायचात का हो?"

"बावीस वर्षं, बाई. फ्लीटवुडचा कसाई म्हणायचे मला. शनिवारी चार वाजता टीव्हीवर. तुमच्या आजीने मला शिव्या घातल्या असतील."

"शिव्या? आजीने सपात फेकली होती टीव्हीवर!"

तेव्हा मी आता गुंड झालोय. वय एकाहत्तर, वजन एकशे आठ. मला आपटणारी पोरगी केझाया रिग, सव्वीस वर्षांची. टेकडीखालच्या वृद्धाश्रमात कामाला आहे. मधल्या चहाला माझ्या शेजारी बसली.

"तुझं नाव काय, म्हाताऱ्या?"

"क्लिफ. आणि तू इथे कशाला? या सगळ्या टोप्या-झग्यांच्या हौशी बायका."

तिने बिस्किट चहात बुडवलं आणि ते तिथेच विरघळेपर्यंत धरून ठेवलं. कर्टिस नावाच्या माणसाबरोबर ती दोन वर्षं राहिली होती. सोडून सात महिने झाले. तो तिचं काम सुटायच्या वेळी आश्रमाच्या फाटकाशी उभा असतो, बोलत काही नाही. म्हणून भाऊ जेम रोज चारला गाडी घेऊन न्यायला येतो.

"मला एकदा एकटीने चालत घरी जायचंय, क्लिफ. समुद्रावरून. बस, बाकी काही नको."

मंगळवार, ११ सप्टेंबर

पिपनी मला मूळ पुस्तक हातात दिलं, पांढरे हातमोजे घालायला लावून. मी फोटोतल्या मिशीवाल्याकडेच बघत बसलो. अकराव्या डावात बाई त्याची बाही धरते, वळते, त्याच्या गुडघ्यामागे पाय अडकवते आणि खांद्याला रेटा देते. तिसऱ्या फोटोत तिचा हात अजून खांद्याला पोचलेलाही नाही आणि गड्याच्या टाचा उचललेल्या आहेत! काय सुरेख माणूस. खालचं नाव शोधलं, पण दिलेलंच नाही. 'एक साहाय्यक' एवढंच.

पिपना यातलं काही बोललो नाही. तो आमच्या धंद्यातला विषय.

पडण्यात खरी कारागिरी आहे. समोरच्याचा रेटा यायच्या अंमळ आधी आपण जमीन सोडायची. फार आधी सुटलो तर विदूषक, उशीर झाला तर पाठ गेली. श्वास सोडायचा, हनुवटी छातीला, आणि पडता पडता पसरलेल्या हाताने गादीवर असा सपाटा मारायचा की मागच्या रांगेतल्या आजीबाईने किंचाळलं पाहिजे. आज डॉट किंचाळली. डॉट अडुसष्टची आहे, जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. मला आपटल्यावर दोन्ही हात वर करून हॉलभर फिरली.

"माझ्या नवऱ्याला बोलवा कुणीतरी! त्याला म्हणावं, भांडी घास!"

मंगळवार, २५ सप्टेंबर

केझायाचा अकरावा डाव आता बघण्यासारखा झालाय. पहिल्या दिवशी खांदे कानाला लावून उभी राहायची. आता मान ताठ. मी गळपट्टी धरून आश्रमाच्या फाटकाबद्दल काहीबाही गुरगुरतो, तिच्या डोळ्यांत ठिणगी पडते, आणि मी हवेत.

लोकांना एवढंसं काहीतरी द्यायला मिळणं या वयात मोठी गोष्ट आहे. माझी बायको मॉरीन असती तर म्हणाली असती, पुरे झालं, गुडघ्याला बर्फ लाव. लावला.

बुधवार, १० ऑक्टोबर

इथल्या पेपरात आमचा फोटो. मी आडवा, केझाया उभी, टोपी वाकडी झालेली. पिपनी मुलाखतीत म्हटलंय की थ्वेटबाईंचा प्रत्येक डाव आम्ही 'खऱ्या, अनुभवी मल्लावर' तपासून पाहिला आणि चोवीसपैकी बावीस चालतात. त्यावर पुस्तक येणार आहे, प्रकाशक ठरला. खरा, अनुभवी मल्ल. कात्रण फ्रिजवर लावलं.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

आज वर्गानंतर गाद्या उचलताना केझाया मागे थांबली.

"क्लिफ, एक विचारू? चेष्टा नाही करायची."

"विचार."

"तू मुद्दाम तर पडत नाहीस ना? माझ्यासाठी म्हणून?"

मी हसलो. म्हटलं, "पोरी, या वयात, या हाडांनी, हौस म्हणून पडेन होय? उद्या सकाळी मला जिना उतरताना बघ."

"खरंच?"

"खरंच."

तिने माझ्या गालाचा मुका घेतला आणि गेली.

त्यात काही वावगं नाही, असं मला वाटतं. आमच्या धंद्यात हा प्रश्न कुणीही विचारला तरी उत्तर एकच. एकोणीसशे एकाहत्तर साली बार्न्सलीच्या दारूच्या गुत्त्यात एक खाणकामगार म्हणाला, तुमचं सगळं ठरवलेलं असतं. मी त्याची करंगळी मोडून दाखवली, कारण तेच अपेक्षित होतं. बायकांनाही सांगायचं नाही असा नियम होता. मॉरीनने लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं, लागतं का रे तुला? हो म्हटलं. त्यानंतर बेचाळीस वर्षं ती दर रविवारी माझी पाठ चोळत होती, ज्या आठवड्यात काही लागलं नसेल त्याही आठवड्यात.

शिवाय आत्मविश्वास हा अर्धा डाव असतो. हे मी पिपनाही बोललो होतो.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

आनंदाची बातमी! केझायाने भावाला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. काल ती एकटी निघाली. कर्टिस फाटकाशी होताच. ती त्याच्याकडे बघत बघत त्याच्यासमोरून गेली आणि त्याने नजर खाली घातली.

"समुद्रावरून गेले, क्लिफ! भरती होती. तोंडावर पाणी उडालं सगळं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चोर्लीचे केक आणले होते, मनुकांचे. डॉट म्हणाली, "आता त्या मेल्याने हात लावून दाखवावाच." मीही म्हणालो, लावूनच दाखवावा.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

पिपचा फोन दुपारी. केझाया लँकेस्टरच्या हॉस्पिटलात आहे. काल चारनंतर. कर्टिस. कवटीला तडा. डावा डोळा.

मी विचारलं, "तिने काय केलं?"

पिप म्हणाल्या, "हा काय प्रश्न झाला, क्लिफ?"

शनिवार, १७ नोव्हेंबर

हॉस्पिटलात गेलो. तिच्याबरोबर कामाला असलेली एक बाई बाहेर बसली होती. तिने सगळं पाहिलं. तिने सांगितलं तसंच लिहितो.

कर्टिस फाटकाशी नव्हता, आश्रमाच्या धोबीखान्याच्या दाराशेजारच्या बोळात होता. त्याने तिची गळपट्टी धरली. धोबीखान्याचं दार उघडं होतं, केझायापासून दहा पावलांवर. ही बाई दारातून ओरडली, "आत ये! पळ!" केझायाचा एक हात मोकळा होता, ती कोटातून निसटून आत येऊ शकली असती. आली नाही. तिने मान वळवून या बाईला सांगितलं, "थांब, मला येतं." मग तिने त्याची बाही धरली, वळली, पाय अडकवला आणि रेटा दिला.

तो हलला नाही. त्या बाईच्या म्हणण्याप्रमाणे त्याला आधी काय चाललंय तेच कळलं नाही. मग हसला, आणि एका हाताने तिला ढकललं. ती फळीसारखी मागे गेली. फुटपाथच्या कडेवर डोकं. नंतर त्याने लाथ मारली.

त्याला पोलिसांनी धरलंय.

मला आत पाच मिनिटं सोडलं. तिचा अर्धा चेहरा झाकलेला होता. उरलेल्या डोळ्याने तिने मला ओळखलं. बोलायला त्रास होत होता तरी बोलली.

"चुकलं रे माझं. पाय उशिरा टाकला. तुझ्याबरोबर कधी चुकत नाही."

मी तिथे उभा होतो. तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "झोप तू."

झोप तू, असं म्हणालो मी.

रविवार, १८ नोव्हेंबर

काही नाही. कात्रण काढून टाकलं.

सोमवार, १९ नोव्हेंबर

पंचावन्न किलोची पोर एकशे आठ किलोच्या माणसाला हवेत फेकते, हे कुणाला तरी खरं वाटत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं का? पेपरवाल्याला वाटलं. पिपना वाटलं, त्या डॉक्टर आहेत. मी इतकी वर्षं ज्या लोकांसमोर पडलो ते तिकीट काढून यायचे आणि घरी जायचे. रात्री कुणी त्यांची वाट अडवत नव्हतं. आणि अडवली असेल तर? ते मला कोण सांगायला येणार होतं?

डाव्या डोळ्याचं अजून नक्की सांगत नाहीत.

मंगळवार, २० नोव्हेंबर

जायचं नव्हतं, पण गेलो. अकराच्या अकरा बायका आल्या होत्या. पिपनी सगळ्यांना गोल बसवलं. डोळे सुजलेले होते त्यांचे. म्हणाल्या, "आपण थांबायचं नाही. केझायाचा पाय कुठे चुकला ते शोधू, म्हणजे कुणाचाच चुकणार नाही. अकरावा डाव, सावकाश. क्लिफ, या."

मी गादीवर गेलो. डॉट पुढे आली. बाही धरली, वळली, पाय अडकवला, रेटा दिला.

मी उभा राहिलो.

"हल की रे म्हाताऱ्या!" तिने पुन्हा रेटा दिला. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. तिसऱ्यांदा तिने सगळं अंग टाकलं आणि स्वतःच घसरून गुडघ्यावर आली. कुणीतरी हसलं, आणि मग कुणी हसेना.

एकामागून एक सगळ्या आल्या. मी अडवलं नाही, जोर लावला नाही, एखादा सामान्य माणूस उभा असतो तसा उभा होतो. एकीच्यानेही माझी टाच उचलली गेली नाही. शेवटी पिप आल्या. त्यांच्या इतकं अचूक तो डाव कुणालाच येत नाही. पाय, खांदा, कोन, सगळं पुस्तकात आहे तस्सं. मी जागचा हललो नाही.

"तुम्ही आज मुद्दाम अडवताय," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता.

"नाही, बाई. अडवत नाहीये, आणि उडीही मारत नाहीये. सप्टेंबरपासून दर वेळी मी स्वतः उडी मारत होतो."

पिपनी टेबलावरच्या पुस्तकाकडे बोट केलं.

"पण थ्वेटबाईंचे फोटो..."

मी पुस्तक मागितलं. हातमोजे घातले. तिसऱ्या फोटोतला तिचा हात दाखवला, मग त्याच्या टाचा दाखवल्या. म्हटलं, हा माझाच भाऊबंद. हा पडत नाहीये, निघालाय.

पिपनी ते पान डोळ्यांजवळ नेलं. पाच वर्षांत त्यांनी ते हजार वेळा तरी पाहिलं असेल. मग हळूच विचारलं, "त्यांना माहीत होतं का? मिस थ्वेटना?"

"माहीत असेल, नसेल. माझ्या बायकोला माहीत नव्हतं."

"त्यांच्याकडे चारशे बायका शिकल्या होत्या, क्लिफ. गिरणीतल्या पोरी. रात्रपाळीवाल्या." एवढं बोलून त्या गादीवरच बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

डॉट अजून गुडघा चोळत होती. तिने मला विचारलं, "पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"मग आम्हाला काय सांगत बसलास? ती तिथे पडून स्वतःच्या पायाला दोष देतेय. जा ना मुडद्या!"

गुरुवार, २२ नोव्हेंबर

सांगितलं.

जेम खिडकीशी बसला होता. ती उशांना टेकून बसली होती. मी बस पकडल्यापासून वाक्यं जुळवत होतो, ती सगळी दारातच विसरलो.

"तुझा पाय चुकला नव्हता," मी म्हटलं. "तू डाव बरोबर केलास. तो डाव चालतच नाही. मी उडी मारायचो."

"म्हणजे?"

"तू रेटा द्यायच्या आधी मी सुटायचो. आमचं कामच ते होतं. रिंगमध्ये आम्ही सगळे तेच करायचो."

"कधी कधी?"

"प्रत्येक वेळी."

तिने ते आत जाऊ दिलं. मला दिसत होतं ते आत जाताना. एक एक मंगळवार करून.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"गाद्या उचलताना. चेष्टा नको म्हटलं होतं मी. खरंच का, असंही विचारलं होतं."

"हो."

"दार उघडं होतं, क्लिफ. ती बोलवत होती मला. मी तिला थांब म्हटलं." मग ती रडायला लागली, पण डोळ्याच्या टाक्यांमुळे तिला नीट रडताही येईना. नर्स आली. केझाया भिंतीकडे वळून म्हणाली, "जेम, ह्यांना बाहेर सोड."

जेम माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आला. तगडा पोरगा आहे, बोटीवर काम करतो. त्याने बटण दाबलं. म्हणाला, "तिने मला येऊ नको म्हटलं तेव्हा मी खूश झालो होतो. रोजचं ते चार वाजता निघणं सुटलं म्हणून." लिफ्ट येऊन उघडली, मी आत गेलो. तो तिथेच उभा होता, मुठी खिशात घालून. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. मी उडी मारली नसती.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

पिपनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, पुस्तक थांबवा. पेपरलाही लिहिलं. पेपरने ते आठव्या पानावर, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाखाली छापलं. डॉट सांगत होती, बाजारात कुणीतरी तिला विचारलं, तो बायकांना फसवणारा कसाई तोच का? ती हो म्हणाली. बरोबर आहे.

डोळा वाचला. पण त्यातून माणसं धूसर दिसतात, आणि तशीच दिसतील असं म्हणतात.

मंगळवार, ४ डिसेंबर

वर्ग बंद आहे. हॉलची किल्ली परत द्यायला गेलो होतो, तर केझाया पायऱ्यांवर बसलेली. डोक्यावर लोकरीची टोपी, चष्म्याला डाव्या बाजूने काळी काच. जेमची गाडी रस्त्यापलीकडे उभी होती, इंजिन चालू ठेवून.

ती उठली नाही. "डॉक्टरांनी सांगितलं, लाथेने डोळ्याचं झालं. डोक्याचं झालं ते पडल्याने. विचारत होते, पडताना हनुवटी आत घ्यायला कुणी शिकवलं नाही का?"

मी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"इतक्या आठवड्यांत मी एकदाही पडले नाही. आमच्यातली कुणीच नाही. पडायचात ते तुम्हीच."

"हो."

"ते तरी खरं होतं का? ते पडणं? गादीवर लागायचं नाही तुम्हाला, ते कसं?"

"ते खरं होतं," मी म्हटलं. "मला खरं येतं ते तेवढंच."

"मग ते दाखवा."

किल्ली हातात होतीच. दिवे लावले. तिच्यासाठी चार गाद्या एकावर एक टाकल्या. डॉक्टरांनी डोक्याला धक्का लागू देऊ नका म्हटलंय, म्हणून सांगितलं, आज पडायचं नाही, नुसतं मागे टेकायला शिकायचं. मी तुझे दोन्ही हात धरतो आणि तुला हळूहळू खाली नेतो. हनुवटी छातीला लाव. श्वास सोड.

तिने हनुवटी छातीला लावली. तिचे हात बर्फासारखे होते. मी जमिनीवर पाय रोवले.

"सोडणार नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"खरंच?"

"खरंच," मी म्हटलं, आणि तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडताना आम्हा दोघांनाही ऐकू आला.

ती त्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. तिची टाच जरा उचलली गेली, मग पुन्हा खाली टेकली. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. बाहेर जेमने एकदा हॉर्न वाजवला, ती तरी तशीच उभी. मी हात सोडले नाहीत, ओढलेही नाहीत. चार वेळा विचारलं तिने, मी चार वेळा उत्तर दिलं.

मग तिने स्वतःच हात सोडवून घेतले. टोपी कानावर ओढली, कोटाची बटणं लावली, आणि दारापर्यंत गेली.

"किल्ली देऊ नका परत," ती म्हणाली. "मंगळवारी पुन्हा विचारीन."